हादरा बसेल तेव्हा आत काय असेल?

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या दक्षिण टोकाला, ओहायो नदीच्या काठावर मेट्रोपोलिस नावाचे लहानसे गाव आहे. निव्वळ नावाच्या जोरावर १९७२ साली या गावाने ‘सुपरमॅनचे गाव’ अशी सरकारी मान्यता मिळवली. चौकात त्याचा भलामोठा रंगीत पुतळा आहे. गावाची दुसरी ओळख पर्यटकांच्या कानावर सहसा पडत नाही. गावालगत एक कारखाना आहे; २०२५ पर्यंत तो हनीवेल कंपनीचा होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तो उभा राहिला. खाणीतून आलेल्या युरेनियमच्या पिवळ्या भुकटीचे इथे युरेनियम हेक्झाफ्लोराइड होते. ते पुढे समृद्धीकरणाच्या कारखान्यात जाते, तिथून इंधनाच्या गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यात आणि अखेर अणुभट्टीत. अमेरिकेत ही मधली पायरी सांभाळणारा हा एकच कारखाना आहे.

मे २०१२ मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचे निरीक्षक या कारखान्यात शिरले. फुकुशिमाच्या अपघाताला वर्ष उलटून गेले होते, अणुभट्ट्यांची फेरतपासणी जगभर सुरू होती, आणि आयोगाने या वेळी इंधनाच्या कारखान्यांनाही यादीत घेतले होते. निरीक्षकांनी इमारतीत फिरून नळ्या, टाक्या आणि उभे स्तंभ पाहिले. कुठला कशाला बांधला आहे, कुठे आधार आहे, कुठे नाही, याची नोंद केली. निष्कर्ष असा निघाला की या भागात होऊ शकणाऱ्या भूकंपात ही यंत्रसामग्री टिकेल अशी खात्री देण्याइतके तिरके आधार आणि जखडण्या तिथे नाहीतच. त्याहून गंभीर बाब दुसरी होती. भूकंपात जितका विषारी वायू बाहेर पडू शकतो, तो कारखान्याच्या आपत्कालीन आराखड्यात धरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त असू शकतो. देखभालीसाठी थांबवलेला कारखाना मग सुरू झालाच नाही. ऑक्टोबरमध्ये आयोगाचा आदेश निघाला, आधार बसवले गेले, आणि जुलै २०१३ मध्ये काम पुन्हा सुरू झाले.

वर्षभरापेक्षा थोडा जास्त काळ. अणुउद्योगाच्या मानाने हा वेग अचाट म्हणायला हवा. मला मात्र यातली खटकणारी गोष्ट वेगळी आहे. हा कारखाना न्यू मॅड्रिडच्या भूकंपप्रवण पट्ट्याच्या उत्तर अंगाला आहे. डिसेंबर १८११ ते फेब्रुवारी १८१२ या तीन महिन्यांत तिथे तीन मोठे भूकंप झाले, जमीन खचून टेनेसीत एक अख्खे सरोवर तयार झाले आणि मिसिसिपीचे पाणी काही काळ उलटे वाहिले. अमेरिकेत शाळेच्या पुस्तकात आहे हे. म्हणजे भूकंपाचे ज्ञान नवे नव्हते. अर्ध्या शतकात एवढेच झाले नव्हते की कोणी हातात टॉर्च घेऊन आत जावे आणि हा स्तंभ कशावर उभा आहे, असे विचारावे.

त्या स्तंभांत काय असते हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. युरेनियम हेक्झाफ्लोराइड साध्या तापमानाला पांढऱ्या खड्यांसारखे घन असते. मेट्रोपोलिसला त्याचे ऊर्ध्वपातन करून शुद्धीकरण होते, म्हणजे ते तापवून, दाबाखाली, द्रवरूपात उंच स्तंभांतून खेळवले जाते. घन असताना डबा फुटला तर बाहेर येणारा माल सावकाश येतो; द्रव असताना फुटला तर तो झपाट्याने वायू होऊन बाहेर पडतो. हवेतल्या दमटपणाशी गाठ पडताच त्याचा दाट पांढरा धूर होतो आणि त्यात हायड्रोजन फ्लोराइड असते. फुप्फुसाच्या ओल्या अस्तराचे त्यामुळे काय होते ते सांगायला डॉक्टर लागत नाही. ओक्लाहोमातल्या गोर गावाजवळच्या कारखान्यात ४ जानेवारी १९८६ रोजी क्षमतेपेक्षा जास्त भरलेले एक नळकांडे तापवताना फुटले. त्यात एक तरुण कामगार गेला. भूकंप नव्हता, साखळी प्रक्रिया नव्हती, किरणोत्साराने तो मेला नाही. एक नळकांडे होते.

अणुप्रकल्प आणि भूकंप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अणुभट्टीच येते. जैतापूरच्या वादातही तेच झाले. पंधरा वर्षे आपण भट्टीखालच्या जमिनीबद्दल भांडत राहिलो आणि भट्टीत जाण्याआधी नि भट्टीतून बाहेर पडल्यावर इंधन कुठे असते, हा प्रश्न बाजूलाच राहिला. भट्टीला जाड पोलादी पात्र असते, त्याभोवती काँक्रीटचे कवच असते, भूकंपाची चाहूल लागताच ती आपोआप बंद करणारी यंत्रणा असते. इंधनाचा कारखाना दिसायला आणि स्वभावाला रासायनिक कारखाना असतो: पसरलेला, नळ्यांनी भरलेला, जुन्या इमारती आणि नवे जोडकाम यांचे मिश्रण. त्यातले काही कारखाने असे बांधले गेले की त्या काळच्या साध्या इमारत-नियमांपलीकडे भूकंपाचा वेगळा विचारच झाला नाही. अमेरिकेच्या आयोगाने २०१५ साली सगळ्या इंधन-कारखान्यांना पत्र पाठवून भूकंप, पूर, वादळ यांचा विचार तुम्ही नेमका कसा केला आहे, ते दाखवा, असे सांगितले. प्रश्न साधा होता. तो २०१५ साली विचारावा लागला, यातच सगळे आले.

माझे म्हणणे असे आहे की भूकंपाच्या फेरविचारात दोन प्रश्न असतात आणि आपण नेहमी एकाच प्रश्नात अडकतो. पहिला प्रश्न: इथे जमीन जास्तीत जास्त किती हादरेल आणि इमारत तेवढे सोसेल का? दुसरा: ती हादरेल त्या दिवशी आत काय असेल, किती असेल आणि कोणत्या रूपात असेल? पहिल्याचे उत्तर भूगर्भशास्त्रज्ञ आणि स्थापत्य अभियंते देतात, ते एका आकड्यात येते आणि त्या आकड्यावर दशकानुदशके वाद घालता येतो. दुसऱ्याचे उत्तर हा निर्णय असतो. तो आज घेता येतो. म्हणूनच बहुधा तो टाळला जातो.

आकड्याचा हा खेळ जपानइतका कुठेच रंगला नाही. तिथे जमिनीच्या हादऱ्याचे माप ‘गाल’ या एककात सांगतात. ९८० गाल म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतके त्वरण. जुलै २००७ मध्ये निइगाताजवळच्या समुद्रात भूकंप झाला तेव्हा काशिवाझाकी-कारिवा प्रकल्पाच्या पहिल्या भट्टीच्या तळाशी ६८० गाल नोंदले गेले. आराखड्यात धरले होते २७३. भट्ट्या सुरक्षितपणे बंद झाल्या, एक रोहित्र सुमारे दोन तास जळत राहिले. हे अभियंत्यांच्या कौशल्याचे यश होते, त्यांनी भरपूर राखीव ताकद ठेवली होती, आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण आधीचा आकडा निम्म्याहूनही कमी निघाला होता, हेही खरेच. त्यानंतर सगळीकडे आकडे वर सरकले. होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी प्रांतात रोक्काशो इथे वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करणारा मोठा कारखाना आहे. त्याचा आकडा ३७५ वरून ४५० वर गेला, फुकुशिमानंतर ६०० आणि मग ७०० गालवर.

रोक्काशोची कथा विस्ताराने सांगायला हवी, कारण पहिल्या प्रश्नात अडकले की काय होते याचे इतके लख्ख उदाहरण दुसरे नाही. १९९३ साली बांधकाम सुरू झाले, १९९७ साली कारखाना पूर्ण होणार होता. वर्षाला ८०० टन इंधन विरघळवून त्यातून प्लुटोनियम आणि युरेनियम वेगळे काढायचे, अशी योजना. २००६ साली खऱ्या इंधनावर चाचण्या सुरू झाल्या. उरलेला तीव्र किरणोत्सारी द्रव काचेत गोठवण्याची भट्टी रुसली, पुन्हा रुसली. २००८ साली तोयो विद्यापीठाचे मित्सुहिसा वातानाबे यांनी कारखान्याखाली सक्रिय प्रस्तरभंग असल्याचे आणि तो समुद्रतळाच्या लांबलचक प्रस्तरभंगाशी जोडलेला असू शकतो असे मांडले. कारखाना चालवणाऱ्या कंपनीने ते नाकारले. मग २०११ चा भूकंप आणि नवे नियम आले. नव्या अणुनियामक प्राधिकरणाने जुलै २०२० मध्ये आराखड्याला तत्त्वतः मंजुरी दिली, पण तपशिलाची छाननी संपेना. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने पूर्णत्वाची तारीख सत्ताविसाव्यांदा पुढे ढकलली. बांधकामाचा खर्च मूळ अंदाजाच्या चौपटीवर गेला.

यावर टीकाकार हसतात आणि समर्थक म्हणतात, पाहा, सुरक्षेची किती काळजी घेतली जाते. दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते. कारखाना सुरू नाही, पण तो रिकामाही नाही. त्याचा ३००० टनांचा तलाव वापरलेल्या इंधनाने जवळजवळ काठोकाठ भरलेला आहे. चाचण्यांतून तयार झालेला तीव्र किरणोत्सारी द्रव, सुमारे २०० घनमीटर, टाक्यांत पडून आहे. तो स्वतःच्याच उष्णतेने तापतो, म्हणून त्याला रात्रंदिवस थंड ठेवावे लागते. फिरते पाणी आणि वीज लागते. जुलै २०२२ मध्ये झडप चुकीने बंद राहिल्यामुळे एका टाकीचे शीतन जवळपास आठ तास थांबले होते. त्या टाकीत द्रव थोडा होता, उकळण्यापर्यंत वेळ आली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये आओमोरीच्या किनाऱ्याजवळ ७.५ रिश्टरचा धक्का बसला, तेव्हा इंधनाच्या तलावातले काही शे लिटर पाणी काठावरून सांडले. तेही किरकोळ. पण आकडा ठरवायला जितकी वर्षे लागली, तितकी वर्षे हा द्रव द्रवच राहिला, आणि दुसऱ्या टोकाला इंधन पाण्यातच राहिले. फेरविचार चालू असताना भूकंपाला स्थगिती मिळत नाही.

याच देशात, याच प्राधिकरणाने, दुसऱ्या एका कारखान्याबाबत नेमका उलटा निर्णय घेतला आणि तो मला अधिक शहाणपणाचा वाटतो. टोकियोच्या ईशान्येला तोकाई इथला पुनर्प्रक्रियेचा जुना कारखाना १९७७ पासून चालत होता. फुकुशिमाच्या आधीच तो थांबला होता, पण तिथे अशाच तीव्र द्रवाचे सुमारे ४०० घनमीटर टाक्यांत पडून होते. नियम काटेकोरपणे लावला असता तर आधी नवे भूकंप-निकष पूर्ण करा, छाननी होऊ द्या, मग काचेत गोठवण्याचे यंत्र सुरू करा, असे झाले असते. त्याला वर्षे लागली असती. २०१३ च्या अखेरीस प्राधिकरणाने हिशेब उलटा मांडला: हा द्रव असाच ठेवणे हाच मोठा धोका आहे, तेव्हा निकषांची वाट न पाहता आधी गोठवा. काम २०१६ मध्ये सुरू झाले. पुढे ते वितळभट्टीच्या बिघाडांनी वरचेवर खोळंबले, आणि आजही त्याबद्दल अभिमान बाळगण्यासारखी स्थिती नाही. पण प्रश्नांचा क्रम बरोबर होता. घरात रॉकेलचे पिंप असताना भिंत किती जाड करावी याचा वाद आधी की पिंप बाहेर काढणे आधी, एवढाच तो क्रम आहे.

कोणी म्हणेल, ही सोपी वाट झाली. मजबूत इमारतीला पर्याय नाही, आणि आत काहीच न ठेवता कारखाना चालत नाही. मान्य. मेट्रोपोलिसला आधार बसवणे हाच उपाय होता आणि तो झाला. पण पदार्थ कोणत्या रूपात ठेवला आहे याने केवढा फरक पडतो ते पाहा. ऑगस्ट २०११ मध्ये व्हर्जिनियात ५.८ रिश्टरचा भूकंप झाला आणि नॉर्थ ॲना प्रकल्पाच्या आराखड्यात धरलेली मर्यादा ओलांडली गेली. तिथे वापरलेले इंधन पोलादी पिंपांत, काँक्रीटच्या कट्ट्यावर उघड्यावर ठेवले होते. एकेक पिंप शंभर टनांहून जड. २७ पैकी २५ पिंपे जागची सरकली, कुठे इंचभर, कुठे साडेचार इंच. पुढे काहीही झाले नाही, कारण व्हायला काही नव्हते: पंप नाही, पाणी नाही, वीज जाण्याची भीती नाही. फुकुशिमातही अशाच कोरड्या पिंपांत ४०८ इंधनजुड्या होत्या. त्यांच्या इमारतीत त्सुनामीचे पाणी शिरले, पिंपे शाबूत राहिली. त्याच आवारात चौथ्या भट्टीच्या तलावातल्या १५३५ जुड्यांनी साऱ्या जगाची झोप उडवली होती आणि त्या शेवटी बाहेर काढायला डिसेंबर २०१४ उजाडला. भूकंप तोच आणि मालही तोच. ठेवण्याची रीत तेवढी वेगळी होती.

पहिल्या प्रश्नावर पूर्ण भिस्त ठेवू नये याचे आणखी एक कारण आहे, आणि ते मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. शांत म्हणून गणलेली जमीन किती काळ शांत राहील, याचा अंदाज आपल्याकडे दोनदा साफ चुकला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तोवर दख्खनचे पठार स्थिर समजले जात होते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी उद्ध्वस्त झाली, तेव्हा लातूरचा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. पुढे २००२ च्या सुधारणेत तो पहिला विभागच रद्द करावा लागला. फ्रान्सलाही हा अनुभव आला. नोव्हेंबर २०१९ मध्ये रोन नदीच्या खोऱ्यात ल तेय इथे मृत समजल्या गेलेल्या प्रस्तरभंगावर भूकंप झाला. तो जेमतेम ४.९ चा होता, पण इतका उथळ की जमीन पृष्ठभागापर्यंत फाटली. जवळच्या क्रुआस अणुप्रकल्पाच्या भट्ट्या तपासणीसाठी थांबवल्या गेल्या. त्याच खोऱ्यात थोडे खाली त्रिकास्तँ आहे, जिथे युरेनियमचे रूपांतर आणि समृद्धीकरण करणारे फ्रान्सचे मुख्य कारखाने आहेत. नकाशा दर काही वर्षांनी बदलणारच. कारखान्यातल्या साठ्याचा निर्णय नकाशा बदलण्याची वाट पाहत थांबला, तर तो कायम एक आवृत्ती मागे राहणार.

आता तारापूर. पालघर जिल्ह्याच्या या किनाऱ्यावर देशातला पहिला अणुवीज प्रकल्प १९६९ साली सुरू झाला. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्याचे बांधकाम चालू होते. बातमीत तारापूर म्हणजे त्या भट्ट्या. पण त्याच आवारात १९७० च्या दशकापासून पुनर्प्रक्रियेचा कारखाना आहे, दुसरा जानेवारी २०११ मध्ये सुरू झाला, तीव्र किरणोत्सारी द्रव काचेत गोठवण्याची सोय आहे, आणि अमेरिकेशी झालेल्या कराराच्या गुंत्यात वर्षानुवर्षे साचलेले वापरलेले इंधनही आहे. इंधनचक्राचा इतका मोठा भाग एका जागी असलेली ठिकाणे देशात मोजकी आहेत.

तिथून तीस-चाळीस किलोमीटरवर डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून जमीन थरथरू लागली. धुंदलवाडी आणि आसपासच्या पाड्यांत एका रात्रीत कित्येक धक्के बसत. लोक घराबाहेर झोपू लागले, प्रशासनाने तंबू दिले, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने भूकंपमापके बसवली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ रिश्टरचा धक्का बसला, त्या दिवशी घाबरून पळताना पडून एक दोन वर्षांची मुलगी गेली. मला इथे भीती घालायची नाही. चार रिश्टरचा धक्का नीट बांधलेल्या अणुप्रकल्पाचे काही बिघडवत नाही, आणि अशा उथळ धक्क्यांच्या मालिका पुष्कळदा मोठा भूकंप न होताच विरून जातात. पण फेरविचार करण्यासाठी याहून चांगले निमित्त ते कोणते? जमिनीने स्वतःच विषय काढला आहे. त्या पाड्यांतल्या माणसाने ‘तारापूरला आत काय आहे आणि ते कशात ठेवले आहे’ असे विचारले तर त्याला उत्तर देणारा एक कागद असायला हवा.

तो कागद कोण लिहिणार, इथे खरी अडचण आहे. तारापूरच्या भट्ट्यांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख आहे. फुकुशिमानंतर मंडळाने त्यांचा आढावा घेतला आणि त्याबद्दल जाहीरपणे लिहिलेही. पुनर्प्रक्रियेचे कारखाने मात्र भाभा अणुसंशोधन केंद्राचे आहेत, आणि २००० साली केंद्राच्या सुविधा मंडळाच्या कक्षेतून काढून केंद्राच्याच अंतर्गत सुरक्षा परिषदेकडे दिल्या गेल्या. मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी त्यावर कडक टीका केली होती. केंद्रातले शास्त्रज्ञ कमी पडतात असे मला म्हणायचे नाही. त्यांच्याइतके या विषयातले जाणकार देशात दुसरीकडे नाहीत. मेट्रोपोलिसलाही कारखान्याचे अभियंते अडाणी नव्हते. पण रोज ज्या स्तंभाजवळून आपण जातो, त्याला आधार नाही हे बाहेरून आलेल्या माणसालाच दिसते. तो माणूस कारखाना बंद ठेवू शकणारा असावा लागतो, तरच त्याचे दिसणे उपयोगाचे.

गुप्ततेचे कारण पुढे येईल, ते पूर्ण खोटेही नाही. प्लुटोनियम कुठल्या खोलीत आहे हे कोणी छापा म्हणत नाही. पण टाक्यांत द्रव किती आहे, त्यातला दरवर्षी किती काचेत जातो, शीतन थांबले तर हाताशी किती तास आहेत आणि किती हादरा धरून हे सगळे बांधले आहे, हे चार आकडे जपानमध्ये सार्वजनिक आहेत. मेट्रोपोलिसबाबतचा आयोगाचा पत्रव्यवहारही कोणालाही वाचता येतो. त्याने दोन्ही देशांची सुरक्षा धोक्यात आलेली नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा केला, नियामक मंडळाला प्रथमच कायद्याचा पाया मिळाला आणि वापरलेल्या इंधनावरची पुनर्प्रक्रिया केंद्र सरकारकडेच राखीव राहिली. खासगी कंपन्यांना भट्ट्या उघडल्या जात असताना सरकारने स्वतःच्या कारखान्यांना वेगळा न्याय लावू नये. तारापूरच्या इंधन प्रकल्पांचा भूकंपविषयक फेरविचार अणुऊर्जा नियामक मंडळाकडे सोपवावा, दर दहा वर्षांनी तो पुन्हा व्हावा, त्यात साठा कमी करण्याचे वेळापत्रक आकड्यांसह द्यावे आणि त्याचा मराठी सारांश पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात मागेल त्याला मिळावा. पालघरच्या खासदारांनी आणि डहाणू, बोईसर, पालघरच्या आमदारांनी ही मागणी पुढच्या अधिवेशनात करावी. त्यांनी केली नाही, तर मतदारांनी त्यांना ती विचारावी.